भंगाराच्या काट्यावर खान्देशचा इतिहास

मागच्या उन्हाळ्यात जळगावातल्या एका भंगाराच्या गोदामात उभा होतो. ऊन असं, की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. समोर टेम्पोतून संगणक उतरत होते. उतरत कसले, फेकले जात होते. कुठल्या तरी संस्थेनं लिलावात काढलेला लॉट होता. एक पोरगा हातोडीनं मॉनिटर फोडून आतलं तांब्याचं वेटोळं काढत होता. लोखंड एकीकडे, प्लास्टिक एकीकडे, हिरव्या पाट्या तिसरीकडे.

मी म्हटलं, "दादा, जरा थांब. चालू आहे का एवढं बघू दे."

मालक हसला. म्हणाला, "भाऊ, चालू असो का बंद, वजन तेवढंच भरतं."

त्याचं काही चुकलं नाही. त्याचा धंदा वजनाचा आहे. प्रश्न त्याला नाही, आपल्याला आहे. ज्यांनी तो माल न उघडता, न तपासता, नुसता यादीवर टिक करून त्याच्या काट्यावर नेऊन टाकला, त्यांना आहे.

त्या ढिगातून मी तीन डबे वजनावर विकत घेतले. एक पार मेलेला निघाला. दुसरा दोन दिवसांच्या खटपटीनंतर चालू झाला. तिसऱ्याच्या आत एक लांबलचक कार्ड होतं. पुसलं, बघितलं, तर जिस्ट कार्ड! नव्या पोरांसाठी सांगतो. डॉसच्या काळात संगणकाच्या काळ्या पडद्यावर मराठी अक्षर उमटवायची सोय नव्हती. त्यासाठी आयआयटी कानपूरला काम सुरू झालं, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकनं हाती घेतलं, आणि त्यातून हे कार्ड बाजारात आलं. मदरबोर्डच्या खाचेत बसवायचं, की इंग्रजीसाठी बनलेल्या प्रोग्रामातसुद्धा देवनागरी दिसायची. मराठीचं संगणकावरचं पहिलं पाऊल ज्या वस्तूंनी टाकलं, त्यातली ही एक. आणि ती हिरव्या पाट्यांच्या ढिगात, किलोच्या भावात!

म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण पूर्ण वाचा.

आधी हे ऐका: संगणकाचा इतिहास आपल्या अंगणात आहे

"जुने संगणक जपायला आपण काय अमेरिका आहोत का?" असं मला नेहमी विचारतात. त्यांना मी अमळनेरची आठवण करून देतो. १९४५ च्या डिसेंबरात अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली. वनस्पती तुपाची. तीच आजची विप्रो. १९७० च्या दशकाच्या शेवटी आयबीएम भारतातून निघून गेली आणि देशी कंपन्यांना संधी मिळाली. तेव्हा हीच कंपनी संगणक बनवण्यात उतरली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इंटेल ८०८६ प्रोसेसरवरचा मिनिकॉम्प्युटर तिनं बाजारात आणला.

विप्रोच्या शेअरनं अमळनेरात कोण कसा करोडपती झाला, याच्या गोष्टी आपण पारावर बसून तासन्‌तास सांगतो. पण अमळनेरच्या किती शाळकरी पोरांनी विप्रोचा जुना संगणक डोळ्यांनी बघितलाय? शेअरचा भाव पाठ आहे, यंत्राचा चेहरा माहीत नाही. हे आपलं इतिहासप्रेम.

हा हौसेचा प्रश्न नाही

मला लोक हौशी समजतात. "याला जुन्या डब्यांचा नाद आहे" म्हणतात. असू दे. पण यात माझ्या नादापेक्षा मोठं काहीतरी अडकलंय.

धुळ्याला एक डीटीपीवाले काका आहेत. ९० च्या दशकात त्यांनी अहिराणी म्हणी, लग्नातली गाणी, ओव्या यांची हस्तलिखितं टाइप केली. कुणी छापायला आणली, कुणी अर्ध्यात पैसे संपले म्हणून सोडून गेलं. लिहिणारे बरेचसे आता हयात नाहीत. मूळ कागद कुणाकडे राहिले नाहीत. राहिल्या त्या काकांच्या कपाटातल्या फ्लॉपी, खोक्यात भरून, रबर बँड लावून.

"त्यात काय, यूएसबी ड्राइव्ह लावा आणि वाचा," असं म्हणणारे भेटतात. साडेतीन इंचीला ते कसंबसं चालतं. सव्वापाच इंची फ्लॉपीला तो यूएसबी ड्राइव्ह चालत नाही, त्या काळातला खराखुरा ड्राइव्हच लागतो, तोही डोकं साफ असलेला. बरं, फाइल निघाली तरी पुढे काय? युनिकोड आपल्याकडे रुळण्याआधी प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा. मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली, आणि तीही प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसता खुणांचा पालापाचोळा दिसतो. प्रचलित फॉन्टसाठी कन्व्हर्टर मिळतात, बाकीच्यांचं काय? पान पेजमेकरच्या जुन्या आवृत्तीत बांधलेलं. सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं कुलूप. ते पोर्ट आजच्या लॅपटॉपला नाही.

म्हणजे बघा, ती ओवी वाचायला फ्लॉपी पाहिजे, ड्राइव्ह पाहिजे, जुना विंडोज पाहिजे, फॉन्ट पाहिजे, डोंगल पाहिजे आणि डोंगल लावायला त्या काळातला चालू संगणक पाहिजे. या साखळीतली एक कडी भंगारात गेली, की ओवी गेली.

काकांच्या खोक्यातल्या जवळपास निम्म्या फ्लॉपी आम्हाला वाचता आल्या. उरलेल्यांवर बुरशी चढली होती. जिथे बुरशी चढली तिथलं अहिराणी कायमचं गेलं. ते बोलणारी आजी आता पुन्हा येणार नाही.

राजवाड्यांच्या धुळ्याला हे सांगावं लागतं?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले. वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेली, वाळवीच्या तोंडी लागलेली दप्तरं त्यांनी गोळा केली. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. त्याही काळी लोकांना वाटत असणार, काय हा माणूस रद्दी गोळा करतोय. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यातच गेले, आणि लगेच १९२७ साली धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. शंभर वर्षं होत आली. ते दप्तर आजही आहे.

आणि बहिणाबाई? आसोद्याची लेक, जळगावची सून. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्यांनी ते बोल कागदावर उतरवून ठेवले म्हणून राहिले. बहिणाबाई १९५१ ला गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ ला पुस्तक आलं. क्षणभर कल्पना करा, की ती वही नव्हती, सव्वापाच इंची फ्लॉपी होती. अत्र्यांनी काय वाचलं असतं?

कागद बिचारा सोशिक. तीनशे वर्षांचं मोडी पत्र आज तुमच्या हातात दिलं, तर तुम्हाला वाचता येणार नाही कदाचित, पण मोडी शिकलेला माणूस वाचेल. यंत्राशिवाय, विजेशिवाय. १९९६ ची फ्लॉपी हातात दिली तर जगातला सगळ्यात विद्वान माणूससुद्धा नुसती उलटीपालटी करून बघत राहील.

इंग्लंडमध्येही हे घडलंय. तिथे १०८६ साली जमीन-मालमत्तेची एक मोठी नोंदवही तयार झाली होती, डूम्सडे बुक. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ साली बीबीसीनं नवा डूम्सडे प्रकल्प केला, लेझर डिस्कवर. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि तज्ज्ञांना खास मोहीम काढून ती माहिती वाचवावी लागली. ९०० वर्षांपूर्वीची वही मात्र अजून वाचता येते.

पण त्याच इंग्लंडनं दुसरंही करून दाखवलं. १९५१ साली चालू झालेला हार्वेल डेकाट्रॉन नावाचा संगणक सुटा करून गोदामात पडला होता. ब्लेचली पार्कच्या संग्रहालयात स्वयंसेवकांनी तो जोडला, दुरुस्त केला आणि २०१२ मध्ये पुन्हा चालवून दाखवला. स्वयंसेवकांनी, हे लक्षात घ्या.

आता आक्षेप घेऊ

"ई-कचऱ्याचे नियम आहेत, घरात ठेवायचं नसतं." नियम आहेत आणि असलेच पाहिजेत. २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पण ते नीट वाचा. त्यात रिसायकलर आहे तसा रिफर्बिशरही आहे, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा. तपासू नका असं नियम कुठेही म्हणत नाही. उलट उघड्यावर वायर जाळून तांबं काढणं, ॲसिडात पाट्या बुडवून सोनं काढणं, शिशानं भरलेली पिक्चर ट्यूब फोडणं, हे नियमाच्या विरुद्ध आहे. आणि तेच आपण लिलावाच्या पावतीआड करून घेतोय. त्या हातोडीवाल्या पोराच्या फुप्फुसात काय जातंय, हे कुठल्या टेंडरमध्ये लिहिलेलं असतं?

"जुन्या संगणकात संस्थेची माहिती असते, बाहेर कशी द्यायची?" अहो, ती बाहेर गेलेलीच आहे! मी भंगारातून आणलेल्या हार्ड डिस्कवर लोकांची नावं, खाती, पगारपत्रकं निघाली आहेत. मी पुसून टाकली. पुढचा पुसेलच असं नाही. तपासणी झाली असती तर ती जागच्या जागीच पुसली गेली असती.

"मोबाईलमध्ये याच्या हजारपट ताकद आहे." आहे ना. मग बैलगाडीपेक्षा ट्रॅक्टर ताकदवान म्हणून नांगर संग्रहालयातून काढून टाकायचा का?

"जागा नाही." जळगावला जैन हिल्सवर गांधीतीर्थ उभं राहिलं, देशभरातून लोक बघायला येतात. चाळीसगावनं केकी मूस यांची कला जपली. आपल्याला जपता येतं. इच्छा झाली की जागा निघते. मी तर एक खोली मागतोय.

आणि आमच्या गोटातल्यांनाही दोन शब्द

जुनी यंत्रं जमवणाऱ्यांनी फुशारक्या मारू नयेत. आपल्यातले निम्मे नुसते साठेबाज आहेत. डबा आणायचा, पुसायचा, फोटो टाकायचा, भाव वाढला की मुंबई-बंगळुरूला विकायचा. चालू आहे का? माहीत नाही. आत काय आहे? बघितलं नाही. न तपासलेला संगणक शोकेसमध्ये ठेवणारा आणि न तपासता काट्यावर टाकणारा, यात मला फार फरक दिसत नाही.

दुसरी चूक त्याहून वाईट: मिळाला की लगेच प्लग लावायचा. वीस वर्षं बंद असलेल्या यंत्राला असा थेट करंट देणं म्हणजे उपाशी माणसाला पुरणपोळीचं जेवण. आधी उघडा. २८६, ३८६, ४८६ च्या बोर्डावर पिंपासारखी बॅटरी असेल तर ती आधी काढा. ती गळते आणि तांब्याच्या रेषा खाते. हिरवट डाग दिसले तर व्हिनेगरनं पुसा, मग आयसोप्रोपिलनं. फुगलेले कॅपॅसिटर बघा. एसएमपीएस बोर्डापासून सोडवून वेगळा तपासा, सिरीज बल्ब लावून, मल्टीमीटरवर पाच आणि बारा व्होल्ट येतात का बघून. रॅमचे पाय खोडरबरानं घासा. मग चालू करा आणि बीप मोजा. पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला मात्र माहीत नसेल तर हात लावू नका. प्लग काढल्यावरही तो जीवघेणा झटका देऊ शकतो. बुरशी लागलेली फ्लॉपी चालू ड्राइव्हमध्ये घालू नका, ड्राइव्हचं डोकंही जाईल आणि फ्लॉपीही.

हे सगळं आपल्या गोलाणी मार्केटमधल्या जुन्या मेकॅनिकांना तोंडपाठ आहे. त्यांचे हात आहेत तोवर शिकून घ्या. तेही आता साठीला आलेत.

मागणी काय?

तीनच गोष्टी, आणि एकीलाही कोटींचा निधी लागत नाही.

एक. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या सरकारी कार्यालयांनी, महाविद्यालयांनी, सहकारी संस्थांनी जुना संगणक लिलावात काढण्याआधी त्याची एक दिवस तपासणी करावी. काय आहे, चालू आहे का, आत कुणाची माहिती आहे, याची एक पानाची नोंद. ठेवण्याजोगं बाजूला काढा, माहिती पुसा, उरलेलं नोंदणीकृत रिसायकलरकडे. काट्यावर नाही.

दोन. ज्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे, त्यानं एक खोली द्यावी. चालू स्थितीतले दहा-बारा जुने संगणक, सगळ्या मापांचे फ्लॉपी ड्राइव्ह, जुने मराठी फॉन्ट. कुणीही आपली फ्लॉपी घेऊन यावं आणि मजकूर युनिकोडमध्ये घेऊन जावं. इंजिनीअरिंगच्या आणि पॉलिटेक्निकच्या पोरांना प्रकल्प म्हणून हेच काम द्या. बाजारातून विकत आणलेल्या प्रकल्पापेक्षा जास्त शिकतील.

तीन. अहिराणी, लेवा गणबोली, तावडी यांत लिहिलेलं जे काही जुन्या डिस्कवर असेल, ते सगळ्यात आधी. डीटीपीवाले, छापखानेवाले, लग्नपत्रिका बनवणारे, बंद पडलेल्या साप्ताहिकांचे संपादक, कपाटं उघडा.

आणि हे सगळं होईल तेव्हा होईल. तोवर तुम्ही एक करा. घरात, दुकानात, माळ्यावर जुना संगणक किंवा फ्लॉपीचं खोकं असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत ते भंगारवाल्याला देण्याआधी फक्त एकदा थांबा. फोटो काढा. मला कळवा. मी येईन, शिरपूर असो की रावेर. पैसे नकोत, चहा पाजा.

भंगारवाला दादा बरोबरच बोलला होता. त्याच्या काट्यावर चालू आणि बंद सारखंच भरतं. म्हणूनच वस्तू तिथे जायच्या आधी कुणीतरी बघायला पाहिजे. ते काम त्याचं नाही, भो. आपलं आहे.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली येऊन भांडा. पण माळ्यावर जाऊन एकदा बघा.