राखणीच्या कुत्र्याचें म्हातारपण

बैल लंगडूं लागला तर शेतकरी त्याच दिवशीं त्याचा खूर उचलून पाहतो. कारण पेरणी त्याच्या पायांवर उभी असते. त्याच गोठ्याच्या दाराशीं नऊदहा वर्षें राखण केलेला कुत्रा सकाळीं उठतांना मागचें अंग ओढूं लागला, तर मात्र "वय झालें त्याचें, चालायचेंच" ह्या एका वाक्यांत त्याचा निकाल लागतो. आम्हांस ह्या निकालावर अपील करावयाचें आहे. वय हा कांहीं रोग नव्हे. सांध्यांची झीज हा रोग आहे, त्यास कारणें आहेत. आणि तो समूळ जात नसला तरी त्याची पीडा पुष्कळ कमी करतां येते.

हाडांचीं टोकें जेथें एकमेकांस मिळतात तेथें त्यांवर गुळगुळीत कूर्चेचें अस्तर असतें व मध्यें वंगणासारखा रस असतो. वंगण आटलेल्या गाडीचा कणा जसा आंस खातो, तद्वत् अस्तर झिजलें म्हणजे हाडास ताण बसतो, कडेनें हाडाचे कंगोरे वाढतात, सांध्याचें आवरण सुजतें आणि दुखणें जडतें. कोणाच्या खुब्याची ठेवण जन्मतःच सदोष असते, कोणाच्या गुडघ्यांतील बंध पूर्वीं कधीं तरी तुटलेला असतो, आणि पुष्कळांचें केवळ वजन अति झालेलें असतें. कुत्रा ह्या दुखण्यानें केकाटत नाहीं, आणि येथेंच आपण फसतों. तो निजून उठल्यावर चार पावलें आंखडून चालतो व मग मोकळा होतो. थंडींत जास्त अवघडतो. ओट्यावर उडी मारण्यापूर्वीं थांबून विचार करतो. एकच सांधा चाटीत बसतो. मांडीचें मांस उतरतें. आणि मुलानें पाठीवर हात टाकतांच गुरगुरतो. मालक म्हणतो, कुत्रा खुनशी झाला. वस्तुतः तो दुखणाईत झालेला असतो.

तथापि प्रत्येक लंगडणें म्हणजे संधिवात नव्हे. पंजांत बाभळीचा कांटा मोडलेला असूं शकतो. गोचिडांपासून होणाऱ्या तापांतही सांधे सुजतात, आणि त्याचें औषध अगदीं निराळें आहे. क्वचित् हाडाचा कर्करोगही असतो. सबब प्रथम पशुवैद्यास दाखवावें. क्ष-किरण चित्राची जरूर पडली व तालुक्यास सोय नसली, तर परळ, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथें पशुवैद्यकीय महाविद्यालयें आहेत.

हें आम्ही शहाणपणानें सांगत नसून ठेंच लागल्यावर सांगत आहों. दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षाच्या थंडींत आमच्या मळ्यावरचा कुत्रा उठेना. आमच्याच गुडघ्यासाठीं आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घरांत होत्या. बाजारांतील एका औषधविक्यास विचारलें, तर त्यानें, माणसास चालतें तें कुत्र्यास कां चालणार नाहीं, असा उलट प्रश्न केला. आणि तो आम्हांस पटला, हा दोष आमचा. गोळी भाकरींत घालून दिली. पहिल्या दिवशीं कुत्रा धांवला. आम्ही खूष झालों. तिसऱ्या दिवशीं त्यास वांत्या होऊन डांबरासारखी काळी शी झाली. जठरास व्रण पडून आंत रक्त जात होतें. चार दिवस सलाइनवर राहून तो वांचला.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन हीं माणसांचीं औषधें कुत्र्याच्या जठरास व मूत्रपिंडास घातक आहेत. पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजानें देऊं नये; त्यानें यकृत बिघडतें. डायक्लोफेनॅकची गोष्ट तर शेतकऱ्यांनीं विसरावी अशी नाहींच. तें टोंचलेल्या गुरांचीं मढीं खाऊन आपल्या देशांतील गिधाडें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं, आणि २००६ सालीं सरकारास तें जनावरांच्या औषधांतून बंद करावें लागलें. लहानपणीं गांवाबाहेर मेलेल्या बैलावर गिधाडें उतरतांना ज्यांनीं पाहिलीं, त्यांस आतां तें आकाश मोकळें दिसतें. कुत्र्यांसाठीं मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन अशीं वेगळीं औषधें आहेत. पण तींही पशुवैद्यानें वजन पाहून ठरविलेल्या मापांत, पोटांत अन्न असतां, व फार दिवस द्यावयाचीं तर मूत्रपिंड व यकृत यांसाठीं रक्त तपासून. दोन वेदनाशामकें एका वेळीं कधींही देऊं नयेत. अन्नावरची वासना उडाली किंवा शी काळी झाली, कीं औषध तेथेंच थांबवून दवाखाना गांठावा.

आणखी दोन जुने उपाय अजून चालतात. एक बिब्बा, त्यानें कातडी भाजून फोड येतात, आणि कुत्रा ती जागा चाटून तें विष तोंडांतही घेतो. दुसरा डागणी. तापलेल्या लोखंडानें सांध्यावर डाग दिल्यावर जनावर कांहीं दिवस तो पाय जपतें, ह्यास गुण आला असें म्हणतात. आंतली झीज बाहेरच्या भाजण्यानें भरून येत नाहीं. वडिलांनीं केलें म्हणून करावें, ह्यांत ही गोष्ट बसत नाहीं, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

सर्वांत मोठा उपाय औषधाच्या दुकानांत मिळत नाहीं. तो म्हणजे वजन उतरविणें. अमेरिकेंत लॅब्राडोर जातीच्या ४८ कुत्र्यांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडींतील एकास दुसऱ्यापेक्षां चतुर्थांश अन्न कमी देऊन जन्मभर पाहणी केली. तिचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला: कमी खाणारांचें मध्यम आयुष्य १३ वर्षें झालें, जोडीदारांचें सुमारें सव्वाअकरा, आणि कमी खाणारांस सांध्यांचे उपचारही पुष्कळ उशिरां लागले. आमच्या घरांत ही गोष्ट पचनीं पडावयास फार वेळ लागला. म्हाताऱ्यास चार घास जास्त घालणें ही माया, अशी घरांतील मंडळींची समजूत; त्यांत गडी आपल्या भाकरीचा तुकडा टाकणार, शेजारी सणाची पुरणपोळी घालणार. शेवटीं कुत्र्याची भाकरी एका हातानेंच वाढावयाची, असा कायदा करावा लागला. धान्याच्या कांट्यावर आधीं कुत्र्यास उचलून घेऊन व मग एकट्यानें उभें राहिलें, कीं वजाबाकीनें त्याचें वजन कळतें. आमचा ३१ किलो भरला. चार महिन्यांत २६ वर आणला. आठवड्यास शंभरांत एक ते दोन भाग, ह्याहून जलद उतरवूं नये. कांटा नसेल तर हात फिरवून पाहावें: बरगड्या बोटांस सहज लागल्या पाहिजेत आणि वरून पाहतां कंबर दिसली पाहिजे. नुसती भाकरी कमी करून भागत नाहीं. मांस उतरूं नये म्हणून अंडें, मासळी असें कसदार अन्न थोडें ठेवावें. तारली, बांगडा ह्यांतील तेल सांध्यांच्या सुजेस हितकर असतें. मात्र मासळी उकडून, कांटा काढून व मिठाशिवाय द्यावी.

आतां कामाविषयीं. पायदुख्या कुत्र्यास सांखळीनें बांधून विसांवा देणें हा उपकार वाटतो, पण तो अपकार आहे. न चालल्यानें मांडीचे स्नायू गळतात, व सांध्यास सांवरणारे तेच असतात. उलटपक्षीं, त्यास दिवसभर रानडुकरांमागें उधळूं देणेंही वाईट. कारण जातिवंत राखणदार दुखतें म्हणून थांबत नाहीं, रात्रीं मात्र कण्हतो. एकदांच दोन कोस नेण्यापेक्षां मऊ बांधावरून दिवसांतून तीन वेळां पंधरावीस मिनिटें, रोज सारखेंच, चालवावें. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उडी मारूं देऊं नये. रुंद फळी तिरकी टाकली कीं चार दिवसांत तो ती वापरावयास शिकतो. उथळ व संथ पाण्यांत, आपण बरोबर असतां, पोहणें उत्तम. पायऱ्या नसलेल्या विहिरीजवळ मात्र जाऊं देऊं नये. फरशीवर गोणपाट घालावें, नखें कापावीं, आणि निजण्यास ओलीपासून उंच, कडब्यावर जाड घोंगडीची जागा द्यावी. ह्या सर्वांस मिळून जो खर्च येतो तो एका गोणी खताइतकाही नाहीं.

आमचें उभें आयुष्य महसुली दप्तरांत गेल्यामुळें असेल, पण ज्याची नोंद नाहीं त्याचा भरंवसा आम्हांस वाटत नाहीं. कुत्रा कधींपासून लंगडतो, असें डॉक्टरांनीं विचारलें तेव्हां घरांतील चौघांनीं चार उत्तरें दिलीं: दसरा, दिवाळी, कापणी आणि "परवांपासून." त्या दिवसापासून एक वही घातली. तींत तारीख, वजन, औषध, आणि सकाळच्या चालीची जुन्या पद्धतीची आणेवारी लिहितों. कुरकुर न करतां उठला व पाटापर्यंत गेला तर सोळा आणे. न उठला तर शून्य. ही वही पाहूनच डॉक्टरांनीं उन्हाळ्यांत औषधाचें माप कमी केलें व थंडी पडण्यापूर्वीं पुन्हां सुरू केलें. अंदाजानें हें त्यांस करतां आलें नसतें. नोंदींत एक गोष्ट आम्हांसही नवी कळली. अवघडलेले दिवस बहुधा बाजाराच्या दुसऱ्या दिवशीं येत. शोध करतां निष्पन्न झालें कीं, बाजाराच्या दिवशीं गडी सायकलीवर जाई व कुत्रा त्याच्यामागें डांबरी रस्त्यानें थेट बाजारापर्यंत धांवत जाई. आतां त्या दिवशीं गडी जाईपर्यंत त्यास अंगणांत अडकवून ठेवतों.

कुत्र्याचें बारावें वर्ष चालू आहे. गेल्या पंधरवड्याची सरासरी बारा आणे पडली. एका दिवशीं तेवढी आठ आहे, शेऱ्याच्या रकान्यांत कारण लिहिलें आहे, "रात्रीं उसांत डुकरें आलीं."