गाडीतला वाटाड्या : जडवलेला बरा की सुटा?

गेल्या पंधरवड्यात आमचे एक स्नेही नवी मोटार घेण्यास निघाले आणि सल्लागार म्हणून आम्हांलाही सोबत घेऊन गेले. वस्तुतः गाड्यांतले आम्हांला फारसे कळत नाही. तेथील विक्रेत्या तरुणाने आरंभीच सांगितले, "सर, वरच्या मॉडेलमध्ये नेव्हिगेशन इनबिल्ट आहे. मोबाइल लावायची कटकटच नाही." यावर आमच्या स्नेह्यांनी विचारले, "ते मराठीत बोलते का?" तरुण क्षणभर थांबला. मग पडद्यावरील भाषांची यादी खालीवर फिरवून म्हणाला, "हिंदी आहे की!"

जुन्या काळी चंदगडाकडून किंवा जांबोटीच्या रानातून जायचे झाल्यास गावातला माणूस बरोबर घेत. त्याला वाटाड्या म्हणत. नेव्हिगेशनला याहून नेमका प्रतिशब्द आम्हांला आजवर सापडलेला नाही, म्हणून या लेखापुरता तोच वापरतो. तेव्हा प्रश्न असा की, वाटाड्या गाडीतच जडवलेला घ्यावा, की खिशातून नेता येईल असा सुटा?

जडवलेल्याच्या बाजूने जे आहे ते आधी प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. उपग्रहाचा संकेत पकडणारा त्याचा अँटेना बहुधा गाडीच्या छतावर असतो. पुष्कळ गाड्यांत चाकांच्या फेऱ्या आणि वळण्याचा कोन मोजण्याची सोय याला जोडलेली असते, त्यामुळे बोगद्यात संकेत तुटला तरी गाडी कोठवर आली याचा अंदाज यंत्राला बांधता येतो. नकाशा गाडीतच साठवलेला असतो. चोर्ला घाटात मोबाइलची रेंज गेली म्हणून तो मुका होत नाही. मे महिन्याच्या उन्हात काचेला चिकटवलेला फोन तापून बंद पडतो, तसेही येथे घडत नाही. साठी ओलांडलेल्या चालकास मोठा, स्थिर पडदा मानवतो, हेही खरे.

पण साठवलेला नकाशा शिळा होतो, आणि आमच्या भागात तो इतरत्र होतो त्याहून लवकर होतो. बेळगाव–पणजी हा अनमोडमार्गे जाणारा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ४-अ होता, आज तो ७४८ आहे. पुणे–बंगळूर मार्गाचा ४ जाऊन ४८ झाला. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक सरकारने बेळगावसह बारा शहरांची नावे सरकारदरबारी बदलली. त्यांतील बेळगावच्या नामांतराविषयी आमचे मत वाचकांस ठाऊक आहे, ते येथे उगाळत नाही. मुद्दा यंत्राचा आहे. त्यापूर्वीच्या नकाशाला नवे नाव कळत नाही, नंतरच्या काहींना जुने कळत नाही, आणि जडवलेल्या वाटाड्याला नवे ज्ञान द्यायचे तर बहुधा गाडी सेवाकेंद्रात न्यावी लागते व मुदत संपल्यावर पैसेही मोजावे लागतात. फोनवरचा नकाशा मात्र आपोआप ताजा होतो.

आमच्या दृष्टीने याहून मोठी अडचण भाषेची आहे. मार्च २०१८ मध्ये गूगलने आपल्या नकाशात हिंदीखेरीज आणखी सहा भारतीय भाषांतून बोलक्या सूचना देण्यास आरंभ केला : बंगाली, गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम. त्या यादीत मराठी नव्हती. पुढे जानेवारी २०२१ मध्ये नकाशावरील ठिकाणांची नावे दहा भारतीय भाषांत आपोआप लिप्यंतरित करण्याची व्यवस्था आली, तीत मराठीचा समावेश झाला. आनंदाचीच गोष्ट, परंतु हे लिप्यंतर रोमन अक्षरांवरून होते, हे विसरून चालणार नाही. रोमनमध्ये ळ आणि ल, ण आणि न, ड आणि द यांचा भेद नाही. म्हणून निपाणीचे ‘निपानी’ होण्याचा धोका आहे आणि कडोलीचे ‘कदोली’. सर्वांत करुण अवस्था कंग्राळीची. कंग्राळी बुद्रुक व कंग्राळी खुर्द ही शेजारशेजारची गावे; रोमनमध्ये त्यांच्यापुढे ‘बी के’ आणि ‘के एच’ एवढीच अक्षरे उरतात. आमच्या स्नेह्यांच्या जुन्या यंत्राने ‘कांगराली के एच’ असा पुकारा केला तेव्हा मागे बसलेल्या त्यांच्या मातोश्रींनी विचारले, "हे कुठलं रे नवं गाव?" त्यांचे माहेर तेच!

मात्र सुटा वाटाड्या निर्दोष आहे असे कोणी समजू नये. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याकडे निघालेले एक परप्रांतीय कुटुंब फोनवरील नकाशावर विसंबून खानापूर तालुक्यातील भीमगडच्या रानात शिरले, रेंज नाही, रस्ता नाही, आणि रात्र तेथेच काढावी लागली. यात एक बारीक गोष्ट आहे, ती पुष्कळांस ठाऊक नसते. आपण कोठे आहोत हे फोनला उपग्रहावरून कळते, त्यासाठी मोबाइलच्या रेंजची गरज नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवून घेण्यासाठी. घाटाकडे निघण्यापूर्वी तेवढ्या टापूचा नकाशा घरीच उतरवून ठेवला तर कणकुंबीच्या पुढेही फोन बोलत राहतो. घाटापूर्वीच्या शेवटच्या गावात थांबून रस्ता विचारून घ्यावा, हे त्याहूनही उत्तम.

कायद्याचेही ध्यान असावे. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार वाहन चालवताना फोनचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनेच, करता येतो. फोन मांडीवर ठेवून खाली पाहत गाडी हाकणे त्यात बसत नाही.

सारांशाने नव्हे, पण विचारलेच म्हणून आम्ही स्नेह्यांना जे सांगितले ते असे : केवळ जडवलेल्या वाटाड्यासाठी वरचे मॉडेल घेऊ नका. ज्याच्या पडद्याला आपला फोन जोडता येतो ते खालचे मॉडेल घ्या. मोठा पडदाही मिळेल आणि भाषा तुमच्या हातात राहील. फोनची भाषा मराठी करा. शिवाय सुट्या वाटाड्याचा एक गुण जडवलेल्यात मुळीच नाही : त्याला शुद्धलेखन शिकवता येते. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात एकाच गावाचे नाव मराठी, कन्नड, इंग्रजी असे निरनिराळ्या रकान्यांत नोंदवता येते आणि ते काम कोणीही नागरिक घरबसल्या करू शकतो. एका भाषेचे नाव लिहिण्यासाठी दुसरीचे खोडावे लागत नाही. आमच्या भागात हे सुख क्वचितच लाभते.

स्नेह्यांनी खालचे मॉडेल घेतले. गाडी घरी आली त्या रात्री आम्ही दोघांनी बसून प्रथम कंग्राळी खुर्द भरले, ळ आणि र्द नीट तपासून. नंतर बुद्रुक. येळ्ळूरच्या जोडाक्षरापाशी जेवायची वेळ झाली.