बालवर्गाच्या शिक्षकास पदवी कशाला?

शिक्षकाची योग्यता मोजण्याची एक विचित्र मोजपट्टी आपल्या समाजात रूढ झाली आहे. विद्यार्थी जितका मोठा, तितका त्याचा शिक्षक अधिक शिकलेला असावा. आणि विद्यार्थी जितका लहान, तितके शिक्षकाच्या थोडक्या शिक्षणावर भागून जावे, असे आपण सारे गृहीत धरून चाललो आहोत. दहावीच्या वर्गाला गणित कोण शिकवितो, तो कोठला पदवीधर, त्याचा अनुभव किती, याची चौकशी पालक मोठ्या दक्षतेने करतात. तेच पालक चार वर्षांच्या मुलाला बालवर्गात घालताना इमारतीचा रंग पाहतात, गाडीची सोय पाहतात, गणवेशाची किंमत विचारतात. परंतु आत जी बाई मुलांसमोर बसणार आहे ती काय शिकली आहे, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या ओठांवर येतो. "गाणी म्हणवून घ्यायची, डबा उघडून द्यायचा, भांडणे सोडवायची, त्याला पदवी कशाला?" असे चांगली सुशिक्षित माणसेही सहजपणे बोलून जातात. आमच्या मते हा समज सर्वस्वी उलटा आहे. मूल जितके लहान, तितके त्याला शिकविणाऱ्याचे ज्ञान अधिक खोल असावे लागते.

माध्यमिक शाळेच्या वार्षिकात बालवर्गाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर असे की, बालवर्गात जे पेरले जाते किंवा पेरावयाचे राहून जाते, त्याचे पीक आम्हां माध्यमिक शिक्षकांच्याच पदरात पडते. आठवीत आलेला मुलगा वाचताना अडखळतो, चार ओळींचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही म्हणून गप्प बसतो, आणि हळूहळू आपल्याला हे जमणारच नाही असे मनाशी ठरवून टाकतो. त्याच्यासाठी आम्ही जादा तास घेतो, पुन्हा पुन्हा उजळणी करून घेतो. काही मुले सावरतात, काही सावरत नाहीत. बारा-तेरा वर्षांच्या वयात जी गाठ सोडविताना आमची दमछाक होते, ती कित्येकदा पाचव्या-सहाव्या वर्षी बसलेली असते, आणि त्या वेळी जाणत्या हाताने ती सहज सुटली असती.

"आई कोठे पदवी घेऊन मूल वाढविते?" हा आक्षेप नेहमीचा आहे आणि तो आम्ही हसण्यावारी नेऊ इच्छीत नाही. आईचे प्रेम ही मुलाची पहिली शाळा होय, हे निर्विवाद आहे. पण आई आपले मूल जाणते; शिक्षिकेला बालपण जाणावे लागते. आईसमोर एक-दोन मुले असतात, तीही जन्मापासून ओळखीची. शिक्षिकेसमोर पंचवीस-तीस मुले असतात, पंचवीस-तीस घरांतून आलेली. त्यांपैकी एक बोलत नाही, एक क्षणभर बसत नाही, एक मारतो आणि एक मार खातो. प्रेमावाचून हे काम होणार नाही हे खरे, पण केवळ प्रेमाने ते होईल हे खरे नव्हे. तापाने फणफणलेल्या मुलाला आपण मायेने कुरवाळतो, आणि तरीही वैद्याकडे नेतोच ना?

मग हे ज्ञान असते तरी कोणते? काही उदाहरणे घेऊ. तीन-चार वर्षांचे मराठी मूल पुष्कळदा "मी केले" असे न म्हणता "मी करले" असे म्हणते. अजाण शिक्षक त्याला चूक ठरवून दटावतो. जाणता शिक्षक मनात आनंदतो. बस-बसले, पड-पडले, हस-हसले यांवरून त्या चिमुकल्याने कोणी न शिकविता भाषेचा एक नियम शोधून काढला आहे आणि तो "कर" या धातूलाही लावून पाहिला आहे, हे त्याला दिसते. मोठ्यांच्या तोंडून "केले" हे रूप वारंवार ऐकूनच ते दुरुस्त होणार आहे, दटावण्याने नव्हे, हेही त्याला ठाऊक असते.

दुसरे उदाहरण चिंचोक्यांचे. सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा. मूल म्हणेल, दोन्हींत सारखेच. आता त्याच्या देखत एका ओळीतील चिंचोके जरा दूर दूर सरकवा. पाच वर्षांचे मूल बहुधा सांगेल की लांब ओळीत जास्त आहेत. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे (१८९६-१९८०) यांनी अशा प्रयोगांतून दाखवून दिले की, लहान मुलाचा विचार हा मोठ्यांच्या विचाराची छोटी प्रत नसतो. त्याची घडणच निराळी असते. शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला संख्या कळली आहे, अशी समजूत करून घेणारा शिक्षक आणि त्याच्या हाती चिंचोके देऊन थांबणारा शिक्षक यांतील अंतर हे बालशास्त्राच्या अभ्यासाचे अंतर आहे.

तीच गोष्ट पेन्सिलीची. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातील सगळी हाडे अजून तयार झालेली नसतात. त्या हाताला माती मळू द्यावी, मणी ओवू द्यावे, कागद फाडू द्यावा. अक्षर मागाहून आपोआप वळणदार येते. हाक मारूनही न वळणारे मूल हट्टी असेल, किंवा त्याला कमी ऐकू येत असेल. या दोहोंत भेद करणारी नजर वेळेवर मिळाली नाही, तर एखाद्याच्या आयुष्याची वाट बदलून जाते. अशी नजर काहींना उपजत असते हे मान्य. पण लक्षावधी मुलांची व्यवस्था उपजत देणग्यांच्या भरवशावर सोडता येत नाही.

आमच्या गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील कितीतरी मुले घरी कोंकणी बोलतात आणि मराठी शाळेत येतात. आम्ही स्वतः घरी कोंकणी बोलणारे व शाळेत मराठीतून शिकविणारे असल्यामुळे या वाटेवरील चढउतार आम्हांस परिचयाचे आहेत. "बाळ भात खातो" हे वाक्य मराठी पुस्तकाच्या दृष्टीने किती साधे! पण कोंकणी घरातील मुलाच्या कानी "भात" म्हणजे शेतातून आलेले, सालीसकटचे धान्य. ताटात वाढतात ते "शीत". बाळ भात खातो म्हटल्यावर त्या मुलाला हसू यावे, हे अगदी स्वाभाविक आहे. अप्रशिक्षित शिक्षकाला तो वात्रटपणा वाटेल. प्रशिक्षित शिक्षक त्याच हशाचा धागा पकडील, "तुझ्या घरी काय म्हणतात?" असे विचारील, फळ्यावर एकीकडे "शीत" व दुसरीकडे "भात" मांडील, आणि मुलाला दोन्ही शब्दांचा धनी करील. घरचे "उदक" टाकून देऊन पुस्तकातले "पाणी" प्यावयाचे नसते. एकाच्या आधाराने दुसरे शिकावयाचे असते. पहिल्याच वर्षी ज्याच्या घरची भाषा हसण्याचा विषय होते, ते मूल पुढे कोणत्याच भाषेत मोकळेपणी बोलत नाही. घरच्या भाषेतून शाळेच्या भाषेकडे मुलाला कसे न्यावे, हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे, आणि सहा आठवड्यांच्या शिबिरात तो आटोपत नाही.

बालशिक्षणाकडे शास्त्र म्हणून पाहण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांतील शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पुरेसे वेतन मिळावे, अशी मागणी केली होती. वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर काढले. तेथे १९२३ साली ताराबाई मोडक आल्या. मुंबई विद्यापीठाच्या त्या पदवीधर. पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या असताना या विदुषीने आपली विद्या चार-पाच वर्षांच्या मुलांपुढे आणून ठेवली. ती वाया गेली असे आज कोणी म्हणेल काय? १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी जन्माला आली. आज देशाच्या कानाकोपऱ्यात रूढ झालेला हा शब्द त्या मराठी प्रयोगाची देणगी होय.

ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघ यांचे उदाहरण आम्हांस त्याहूनही बोलके वाटते. १९१० साली जन्मलेल्या, बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी प्राथमिक शिक्षिका म्हणून कामास आरंभ केला. बोर्डीला व पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत त्यांनी आयुष्य वेचले. हे काम चालू असतानाच १९६१ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी पदवी संपादन केली. अनुभव आहे, मग पदवी कशाला, असे त्यांनी म्हटले नाही.

तथापि केवळ पदवी असली म्हणजे झाले, असेही आमचे म्हणणे नाही. ती बालशिक्षणाचीच पदवी हवी. २०१८ साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बी. एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीच्या वर्गांवर नेमणुकीस पात्र ठरविले होते. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम पुरा करावा, एवढीच अट होती. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ साली ती अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. बी. एड. चे शिक्षण मोठ्या मुलांना शिकविण्यासाठी असते, लहानांना शिकविण्याचे कौशल्य निराळे, हे त्यातील मर्म. डोळ्यांच्या वैद्याने दात काढू नयेत, इतके ते सरळ आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा वयोगट शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला, आणि २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक शिक्षक-पदवी ही शिक्षकाची किमान पात्रता व्हावी असे म्हटले. त्या अभ्यासक्रमात पायाभूत स्तरासाठी स्वतंत्र शाखा आहे. गोव्यात २०२३-२४ पासून पायाभूत स्तरावर या धोरणाची अंमलबजावणी सुरू झाली. ही पावले आम्हांस स्वागतार्ह वाटतात. परंतु शिक्षणहक्काचा कायदा २०१० साली अमलात आला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. सहा वर्षांखालील मुले त्या हक्काच्या उंबरठ्याबाहेरच राहिली. ज्या वयाला हक्क नाही, त्या वयाच्या शिक्षकाची काळजी तरी कोण वाहणार?

येथेच खरी अडचण आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पदवी मागावयाची तर पदवीधराचे वेतन द्यावे लागेल. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडी सेविकेला वेतन मिळत नाही, मानधन मिळते. केंद्राने २०१८ साली ते दरमहा ४,५०० रुपये केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. मानधन या शब्दात मानही आहे आणि धनही आहे. प्रत्यक्षात यांपैकी सेविकेच्या हाती किती पडते, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या सेविकेला विचारावे. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे, एवढे ठरावयास २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तेव्हा पदवीची अट घालून वर्षानुवर्षे राबलेल्या स्त्रियांना घरी बसविणे हा अन्याय होईल. त्यांना पगारी रजा द्यावी, शिक्षणाचा खर्च द्यावा, त्यांच्या अनुभवाला अभ्यासक्रमात गुण द्यावेत, आणि अनुताईंप्रमाणे काम करता करता पदवीपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी करावी. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र ही त्या वाटेची पहिली पायरी म्हणून आम्हांस मान्य आहे, मुक्काम म्हणून नाही.

आता दोन शब्द आमच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींशी. तुमच्यापैकी एखादीने चांगले गुण मिळवून "मी लहान मुलांना शिकविणार" असे घरी सांगितले, तर "एवढे गुण वाया घालवायचे काय?" असे उत्तर मिळण्याचा संभव आहे. मुलग्याने सांगितले तर बहुधा हसतीलच. अशा वेळी खचून जाऊ नका. माणसाचे मन घडत असताना त्याच्या शेजारी बसण्याचे हे काम आहे; त्याला तल्लख बुद्धी, दांडगा अभ्यास आणि अपार धीर लागतो. ज्यांच्यापाशी ही तिन्ही आहेत त्यांनी या क्षेत्राकडे पाठ फिरवू नये.

आणि पालकांना एवढीच विनंती की, येत्या जूनमध्ये मुलाला बालवर्गात घालताना एक प्रश्न अवश्य विचारावा: "मुलांना शिकविणाऱ्या बाईंचे प्रशिक्षण कोणते, आणि तुम्ही त्यांना वेतन किती देता?" प्रश्नाची ही दोन्ही अंगे एकत्रच विचारावीत. शंभर पालकांनी असे विचारले, तर संस्थाचालकांना उत्तर शोधावेच लागेल. शासनाचे धोरण कागदावरून वर्गात उतरावयाचे असेल, तर त्याला पालकांच्या आग्रहाचा रेटा हवा. घराचा पाया खणताना आपण कुशल गवंडी शोधतो, त्याची मजुरी देताना हात आखडता घेत नाही. मुलांच्या बाबतीत याहून कमी जागरूक राहणे आपणांस शोभणारे नाही.