आफ्रिकेतली सफारी: गाडी आपली की लॉजची?

आफ्रिकेत जाऊन स्वतः गाडी चालवत सिंह पाहायचा, असे म्हटले की आपल्याकडे लोक आधी हसतात आणि मग घाबरवतात. पुण्या-मुंबईत सफारी करून आलेल्या ज्या ज्या मंडळींशी मी बोललो, त्यांतल्या बहुतेकांचे दोन मुद्दे ठरलेले असतात. एक, 'तिथे गाइडशिवाय काही दिसत नाही.' दुसरा जरा आवाज खाली आणून सांगितला जातो: 'स्वस्तातले पर्यटक जंगलाची वाट लावतात, महागड्या लॉजच्या पैशांवरच तिथले प्राणी जगतात.' पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. दुसरा हा पैसेवाल्यांनी स्वतःला बहाल केलेला पुण्याचा दाखला आहे, आणि माझे भांडण त्याच्याशी आहे.

आधी पहिल्याचे बघू. ताडोबाची सवय असलेल्या मराठी माणसाला वाटते की जंगल म्हणजे जिप्सी, सोबत गाइड आणि ठरलेली वेळ. दक्षिण आफ्रिकेतले क्रुगर तसे नाही. १९२६ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि दुसऱ्याच वर्षी पर्यटकांच्या मोटारी आत आल्या. क्षेत्रफळ सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून मोठे. मुख्य रस्ते डांबरी आहेत, साधी भाड्याची गाडी चालते. डांबरीवर वेग ५०, कच्च्या रस्त्यावर ४०. ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीबाहेर पाय ठेवायचा नाही आणि फाटक बंद व्हायच्या आत कॅम्पात परतायचे. गाडी डाव्या बाजूनेच चालवायची असते, त्यामुळे आपल्याला वेगळे शिकावे लागत नाही. कॅम्पात स्वयंपाकाची सोय असलेल्या झोपड्या मिळतात. माझ्यासारख्याचा हलालचा प्रश्नही तिथे मिटतो. आपले मटण आणा, आपल्या हाताने शिजवा. त्यातल्या एका कॅम्पाचे नाव चक्क सातारा आहे. जुन्या मोजणीत ती सतरा नंबरची जमीन होती आणि मोजणीदाराच्या हाताखालच्या भारतीयाने सांगितलेल्या 'सतरा'वरून हे नाव पडले, अशी तिथली कथा. सिंहांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे.

आता गाइडचे माहात्म्य. क्रुगरला लागून असलेल्या साबी सँडसारख्या खासगी राखीव जंगलांत बिबट्या दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त, हे खरे आहे. तिथे माग काढणारा माणूस बॉनेटच्या पुढे बसतो, गाइड एकमेकांना वायरलेसवर खबर देतात, गाडी रस्ता सोडून झुडपात नेता येते. क्रुगरमध्ये मी चार दिवस फिरलो आणि बिबट्याचे शेपूटही दिसले नाही. पण समोरून येणारी प्रत्येक गाडी थांबवून काच खाली करत 'पुढे काय?' असे विचारण्यात जी मजा आहे, ती वायरलेसवर नाही. शिवाय पहाटेच्या आणि संध्याकाळच्या सरकारी फेऱ्या तिथे आहेतच. उद्यानाची गाडी, उद्यानाचाच जाणकार गाइड आणि लॉजच्या तुलनेत किरकोळ दर. म्हणजे 'स्वतः की गाइड' हा पेचच मुळात खोटा आहे. ट्रॅव्हल एजंट तो घालतात, कारण सरकारी फेरीवर त्यांना कमिशन सुटत नाही.

आता दुसरा मुद्दा. क्रुगरचे रोजचे प्रवेशशुल्क परदेशी माणसाला पाचशे-सहाशे रँडच्या घरात पडते, स्थानिकाला साधारण त्याच्या चौथाई. साबी सँडच्या नामांकित लॉजमध्ये एका रात्रीचे दरडोई वीस-तीस हजार रँड आणि त्याहूनही वर. दोन्हींच्या मधले कुंपण १९९३ साली काढले गेले. सरकारी जंगलात वाढलेला बिबट्या खासगी हद्दीत शिरला, की त्याच प्राण्याच्या दर्शनाचा भाव कितीतरी पट होतो. खासगी मालकांनी जंगलाला जास्तीची जागा दिली, हे कबूल. पण दान एकाच बाजूने चालले आहे असे सांगू नका. शिवाय दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचा कारभार बव्हंशी पर्यटकांच्या पैशांवर चालतो, आणि नफ्यातली मोजकी उद्याने तोट्यातल्यांना पोसतात. त्या पोसणाऱ्यांत क्रुगर आघाडीवर आहे. ज्यांना तुम्ही 'स्वस्तातले पर्यटक' म्हणता, त्या डब्या-थर्मासवाल्या कुटुंबांच्या पैशांवर हे चालते.

म्हणून सरकारी उद्यान धुतल्या तांदळासारखे आहे, असे मी म्हणत नाही. क्रुगरच्या मुख्य कॅम्पाचे नाव स्कुकुझा. हे पहिले वॉर्डन स्टीव्हन्सन-हॅमिल्टन यांना स्थानिकांनी दिलेले नाव, अर्थ साधारण 'झाडून साफ करणारा'. त्यांनी साफ केली ती आत राहणारी माणसे. नामिबियातल्या एतोशातून १९५४ साली हाइओम सान लोकांना बाहेर काढले. क्रुगरच्या उत्तर टोकाच्या मकुलेके लोकांना १९६९ मध्ये बंदुकीच्या धाकावर हलवले. पण मकुलेकेंची गोष्ट तिथे संपत नाही. वर्णभेद गेल्यावर त्यांनी जमिनीचा दावा लावला आणि १९९८ मध्ये वीस हजारांहून जास्त हेक्टर जमीन परत मिळवली. त्यांनी ती जंगल म्हणूनच राखली आणि लॉजवाल्यांना भाड्याने दिली. तिथले लॉज महागच आहेत, तरी माझा त्यांना विरोध नाही. कारण तिथे भाडेकरू लॉज आहे आणि मालक मकुलेके.

केनियात मसाई माराच्या भोवतीच्या 'कॉन्झर्व्हन्सी'त हाच प्रकार आहे. मासाई जमीनमालकांना दरमहा भाडे मिळते, बदल्यात तंबूंची आणि गाड्यांची संख्या मर्यादित ठेवली जाते. महागड्या सफारीच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम युक्तिवाद, आणि मी तो मानतो. फक्त २०२० मध्ये विमाने थांबली तेव्हा भाडीही कापली गेली, हेही लक्षात ठेवा. मालकाचे पोट पाहुण्याच्या सुट्टीवर टांगलेले आहे.

दुसरी बाजू बघा. बोट्स्वानात सरकारचे जाहीर धोरणच 'पाहुणे कमी, पैसा जास्त' असे आहे. तिथल्या मध्य कलहारी अभयारण्यातून सान लोकांना १९९७ आणि २००२ मध्ये हुसकावले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवले, तरी परतलेल्यांना त्यांची बुजवलेली कूपनलिका वापरू दिली जात नव्हती. पाण्याचा हक्क मिळायला २०११ उजाडले. दरम्यान त्याच अभयारण्यात पोहण्याच्या तलावासह लॉज सुरू झाला होता. टांझानियात २०२२ च्या जूनमध्ये लोलिओंदोत १,५०० चौरस किलोमीटर कुरणावर हद्दीचे खांब रोवले गेले, ते मासाईंवर गोळ्या आणि अश्रुधूर सोडून. पैसेवाल्या शिकाऱ्यांसाठी जागा मोकळी करण्याचा हा खटाटोप होता, असा मासाईंचा आरोप आहे. आता 'आमच्या पैशांनी जंगल वाचते' हे वाक्य त्या माणसांसमोर म्हणून दाखवा.

माझ्या नात्यातले एक कोकणी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या केपटाऊनला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी-रायगडच्या गावांतून अनेक मुसलमान तिकडे गेले, त्यांतलेच हे. या घरातल्या म्हाताऱ्यांच्या तरुणपणी क्रुगरच्या मुख्य कॅम्पात बिगरगोऱ्यांना राहायची मुभा नव्हती. आज तीच माणसे नातवंडांना घेऊन डिसेंबरात जातात, झोपडी घेतात, शेगडीवर मटण भाजतात आणि शेजारच्या झुलू कुटुंबाशी हत्ती कुठे दिसला यावर वाद घालतात. सगळे जंगल लॉजच्या दराने मिळू लागले, तर ही दोन्ही कुटुंबे पुन्हा फाटकाबाहेर जातील, या वेळी रंगाऐवजी दरपत्रकामुळे. बोट्स्वानात ते आजच दिसते. नागरिकाला प्रवेश स्वस्त, पण डेल्टातल्या लॉजमध्ये राहण्याची त्याची ऐपत नाही. तो तिथे दिसतो तो गणवेशात, ट्रे घेऊन.

स्वतः गाडी हाकणाऱ्यांनीही फार ऐटीत राहू नये. टपावर तंबू बांधलेली फोर बाय फोर घ्यायची, जोहान्सबर्गच्या सुपरमार्केटात पंधरा दिवसांचा शिधा भरायचा, वाटेतल्या गावात दमडी सोडायची नाही आणि वर स्थानिक वाटाड्याशी पन्नास रँडसाठी घासाघीस करायची, हे मी पाहिले आहे. याला साधेपणा म्हणत नाहीत.

आणि सगळीकडे स्टिअरिंग हाती घेण्याचा हट्टही नको. माराची काळी माती पावसात गाडी गिळते. तिथे नारोकचा चालक-गाइड घ्यावा आणि त्याला नीट पैसे द्यावेत. तशीही मारा स्वस्त नाही. जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाचे २०० डॉलर नुसते प्रवेशाचे पडतात. आणि नदी ओलांडणाऱ्या विल्डेबीस्टांची वाट अडवून उभ्या असलेल्या गाड्या बहुतेक गाइडच्याच असतात, हेही तिथे गेल्यावर कळते.

लॉजच घ्यायचा असेल तर घ्या, पण आधी विचारा: जमीन कुणाची, भाडे कुणाला, गाइड कुठल्या गावचा? मी तीन लॉजना असे लिहिले होते. एकाने जमीनमालक समाजाचे नाव आणि कराराची मुदत कळवली. दुसऱ्याने उशांच्या प्रकारांची यादी पाठवली. तिसऱ्याने उत्तर दिले नाही.

क्रुगरला जायचे असेल तर जून ते सप्टेंबर बरे. गवत वाळलेले असते, प्राणी पाणवठ्यावर येतात, डास कमी असतात. तरी मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. बुकिंग अकरा महिने आधी उघडते आणि साताऱ्यातल्या झोपड्या लवकर भरतात.