माळवदाला नवी फळी जोडताना

सोलापूर जिल्ह्यात आणि लगतच्या धाराशिव-लातूर भागात दगडमातीच्या भिंतींवर सपाट मातीचे छत घालण्याची जी पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्या छताला माळवद म्हणतात. कमी पाऊस आणि कडक ऊन असलेल्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात ते सर्वस्वी सोयीचे होते. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलच, म्हणजे फोडलेल्या लाकडाचे तुकडे, त्यावर पाल्याचा थर आणि सर्वांत वर पाणी अडवणारी पांढरी माती, अशी त्याची रचना असते. घरातल्या माणसाला यातले लाकूडकामच तेवढे दिसते, आणि वाड्याचे नूतनीकरण निघाले की पहिला घाव बहुधा त्याच्यावरच पडतो.

एखाद्या खणात, म्हणजे लगतच्या खांबांमधल्या भागात, दोन-चार फळ्या कुजलेल्या आढळल्या की त्यांखाली पीओपीचे फॉल्स सीलिंग बसवून डाग झाकण्याकडे कल वाढला आहे. हा मार्ग स्वस्त आणि झटपट असला तरी तो घातक आहे, कारण त्यामुळे ओल आणि वाळवी दृष्टीआड होते, लाकडाला मिळणारी हवा तुटते आणि तुळईचे टोक भिंतीत कुजत चालल्याचे घरच्यांना कळतही नाही.

छताच्या वरच्या बाजूची हयगय याहून गंभीर ठरते. गळती थांबवण्यासाठी मातीवर मातीचे थर चढवत गेल्याने अनेक माळवदांची जाडी अर्ध्या मीटरपर्यंत आणि त्याहून पुढे गेली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हे वजन आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींची कमजोर बांधणी एकत्र आल्यानेच इतकी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. म्हणून फळी बदलण्यासाठी माळवद उघडावे लागलेच, तर जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्याने जादा माती उतरवण्याची आणि भिंती एकमेकींना बांधून घेण्याची ती संधी दवडता कामा नये.

नवी फळी जुन्यांत मिसळून जाणे रंगापेक्षा पृष्ठभागावर अधिक अवलंबून असते. जुन्या कड्या-फळ्या वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीच्या हत्याराने, घडवलेल्या असल्यास त्यांवर उथळ, किंचित वाकड्या खुणा राहतात. साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, उतरणारा उजेड भिंतीवरून परतून तिरपा पडला की या खुणा उठून दिसतात आणि त्यांच्या शेजारी यंत्राने रंधलेली गुळगुळीत फळी परकी वाटते. ती फळी हातानेच तासून घ्यावी, शक्य असल्यास त्याच जातीचे जुने लाकूड मिळवावे, रुंदी आणि सांध्यांची दिशा शेजारच्या फळ्यांना धरून ठेवावी आणि जवसाच्या तेलाचा हात देऊन रंग हळूहळू मुरू द्यावा. तैलरंगाचा जाड थर खुणा बुजवतो, म्हणून तो टाळलेलाच बरा.

कापडगिरण्यांच्या काळात सोलापूर शहरात उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी ज्यांत लोखंडी गर्डरांमध्ये विटांच्या उथळ कमानी आहेत, तिथे हाच प्रश्न चुन्याच्या गिलाव्याचा होतो. चुन्यात सिमेंटचे ठिगळ लावले की ओल अडते, कडेने खार फुटतो आणि ठिगळ घट्ट राहून भोवतालचा जुना गिलावाच सुटू लागतो; म्हणून मूळ गिलाव्यातील वाळूचा दाणा पाहून चुन्याचेच मिश्रण करावे आणि कोपऱ्यात नमुना घालून, तो पूर्ण वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात तपासावा.

असा गवंडी आणि असा सुतार आज शोधावा लागतो, त्यांची मजुरीही जास्त पडते. मात्र पीओपीवर होणारा खर्च त्यांच्याकडे वळवला तर हे काम पुष्कळ घरांच्या आवाक्यात येते. क्रम तेवढा सांभाळावा: उन्हाळ्यात माळवद आणि पन्हाळी दुरुस्त करून घ्याव्यात, एक पावसाळा जाऊ द्यावा, आणि गळती खरोखर थांबल्याची खात्री पटल्यावरच खालच्या बाजूचे तेलपाणी व गिलावा हाती घ्यावा.