फायलीचें आडनांव

ज्या घरांत संगणक एक व हात अनेक, तेथें अधूनमधून एक तक्रार ऐकूं येते. काल नीट उघडणारे फोटो आज भलत्याच खिडकींत उघडतात, आणि ते बिघडले असें घरांतील मंडळी धरून चालतात. वस्तुतः फोटो जसेच्या तसे असतात. कोणीतरी नवा प्रोग्रॅम बसविलेला असतो व फोटो उघडण्याचें काम त्याच्याकडे गेलेलें असतें, इतकेंच.

हें काम कोणाचें, हें ठरतें कसें? विंडोजमध्यें फायलीच्या नांवापुढें टिंब देऊन जेपीजी, पीडीएफ अशीं कांहीं अक्षरें असतात. त्यांस आम्ही आडनांव म्हणूं. १९८१ सालच्या एम्‌एस-डॉसमध्यें नांवास आठ व आडनांवास तीन अक्षरें इतकीच जागा असे. कोणत्या आडनांवाची फाईल कोणत्या प्रोग्रॅमनें उघडावी, याची नोंद संगणकांत असते. फायली दाखविणारा 'एक्सप्लोरर' ती नोंद पाहून फाईल सोंपवितो. फायलीचें पोट तो तपाशीत नाहीं. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्यें ही खूण नांवांत नसून चार-चार अक्षरांच्या दोन संकेतांच्या रूपानें फायलीबरोबर वेगळी ठेवलेली असे.

यावरून एक गोष्ट उघड होते. आडनांव बदलल्यानें फायलीचा पिंड बदलत नाहीं. बदलावयाचा असतो तो उघडणारा. त्यासाठीं फायलीवर उजवी कळ दाबून 'ओपन विथ' मधून हवा तो प्रोग्रॅम निवडावा व 'ऑलवेज' म्हणावें. ही निवड ज्याच्या त्याच्या खात्यापुरती असते. म्हणून घरांत प्रत्येकाचें खातें निराळें असल्यास एकाच्या आवडीचा दुसऱ्यास उपद्रव होत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. विंडोज ओळखीचीं आडनांवें आपण होऊन झांकून ठेवते. मे २००० मध्यें जगभर एक पत्र फिरलें. त्यासोबतच्या फायलीचें नांव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' असें होतें. शेवटचें आडनांव झांकलें गेल्यानें ती साधी मजकुराची फाईल भासे. उघडतांच ती मजकूर दाखविणाऱ्याकडे न जातां आज्ञा पाळणाऱ्या प्रोग्रॅमकडे जाई. मग ती पत्त्यांच्या वहींतील सर्वांस स्वतःच्या प्रती धाडी व घरचे जेपीजी फोटो पुसून तेथें आपणच बसे.

हाच डाव आज व्हॉट्सॲपवर चालतो. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फायलीचें आडनांव 'एपीके' असतें. एपीके म्हणजे पत्रिका नव्हे. तो फोनमध्यें बसणारा प्रोग्रॅम होय, आणि त्यास मुभा दिल्यास बँकेचे सांकेतिक अंकही तो वाचूं शकतो. खरी पत्रिका चित्र किंवा पीडीएफ म्हणून येते. तिला घरांत कांहीं बसवावें लागत नाहीं.

म्हणून विंडोज ११ मध्यें 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' येथें खूण करून आडनांवें दिसतीं करावींत. पत्रिका सर्वांत अधिक येतात त्या घरांतील वडीलधाऱ्यांस. त्यांना हें शेजारीं बसून समजावून देणें तरुणांचें कर्तव्य आहे. आडनांव सरळ दिसलें म्हणून पाहुणा भला ठरत नाहीं. पण तें विचारल्यावांचून दार उघडणें केव्हांही शहाणपणाचें नव्हे.