वॅट नको, भांडं बघा

स्मूदी आणि सूपसाठी ब्लेंडर घ्यायला निघालेल्यांनी वॅटचा आकडा क्षणभर बाजूला ठेवावा. मोटर किती वीज खेचते एवढंच तो सांगतो. पदार्थ किती मऊ होईल हे पात्याची घडण, फिरण्याचा वेग आणि भांड्याचा आकार ठरवतात. आपल्याकडचा मिक्सर तर जन्मलाच मुळी वाटणासाठी. सत्यप्रकाश माथुर यांनी 1960च्या दशकात मुंबईत ‘सुमीत’ मिक्सर घडवला, कारण परदेशी ब्लेंडर भारतीय मसाल्या-पिठांपुढे मान टाकत. सुक्या खोबऱ्याला पुरून उरणाऱ्या यंत्राला केळं आणि पालक जड का जावेत? त्याचंच उंच भांडं घ्यावं, आधी दूध किंवा पाणी, मग फळं घालावीत. भोवरा नीट धरतो.

गोठवलेली फळं आणि बारीक बिया मिक्सरमध्ये रेशमी होत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. रोज अशी स्मूदी पिणाऱ्या घराने वेगवान ब्लेंडर खुशाल घ्यावा. इतरांच्या ओट्यावर तो लवकरच शोभेला उरतो, वर त्याचा आवाज वेगळाच! सूपचं गणित मात्र निराळं. उकळता भोपळा घट्ट झाकणाच्या भांड्यात फिरवला की वाफ कोंडते, झाकण उडतं, हात भाजतो. तिथे हँड ब्लेंडरच बरा: गॅस बंद करून थेट पातेल्यात बुडवायचा. टोमॅटोच्या सारालाही तोच पुरतो. फक्त दांडा स्टीलचा आणि सुटा होणारा हवा, म्हणजे तो नळाखाली धुता येतो.